मोठ्या दुर्घटनेसाठी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना कसं तयार करावं? वर्षातून एक मॉक ड्रिल पुरते का?

तुम्ही लिहिलंय की शंभर-सव्वाशे खाटांच्या रुग्णालयात ही जबाबदारी नुकतीच तुमच्या गळ्यात पडली आहे, आपत्तीच्या प्लॅनची आधीची जाडजूड फाइल आहे आणि दरवर्षी एक ड्रिल होते. मी चौदा वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून काढली, त्यातली शेवटची सहा असं प्रशिक्षण देण्यात गेली. सरळ सांगते: फाइल सध्या कपाटातच राहू द्या आणि पहिली ड्रिल रात्री अडीचला घ्या.

वर्षातून एकदाची ड्रिल म्हणजे गॅदरिंगचं नाटक. तारीख आधी ठरलेली, ॲप्रन इस्त्रीचे, सगळे सर्जन नेमके त्याच वेळी खाली हजर. खरी दुर्घटना मात्र जे ड्यूटीवर असतील त्यांच्याच अंगावर येते. १५ एप्रिल २०१३ ला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले ते दुपारी २.४९ ला. तीनला पाळी बदलायची वेळ, त्यामुळे रुग्णालयांत दोन्ही पाळ्यांची माणसं होती. तिघे जागीच गेले, पण जिवंत पोहोचलेला एकही जखमी नंतर दगावला नाही. त्यांची तयारी पक्की होतीच, पण घड्याळानंही साथ दिली. ती तुम्हाला मिळेल असं धरून चालू नका.

आमच्या पहिल्या रात्रीच्या ड्रिलमध्ये खोटा रुग्णसुद्धा नव्हता. फक्त ऑपरेटरला सांगितलं, "बस उलटलीय, चाळीस जखमी येतायत, माणसं बोलवा." त्यानं भिंतीवरची यादी काढली आणि एकेकाला फोन लावत बसला. पहिलाच नंबर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या डॉक्टरांचा. ते बिचारे म्हणाले, "येऊ का?" अर्ध्या तासात सहा जणांशी बोलणं झालं. त्यानंतर आम्ही साखळी केली: ऑपरेटर चौघांना कळवणार, ते चौघे पुढे चौघांना. ही साखळी दर महिन्याला न सांगता तपासायची. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

आता ट्रायाज, म्हणजे आधी कुणाला बघायचं हे ठरवायला जखमींना रंगाचे टॅग लावणं: लाल सगळ्यांत आधी, मग पिवळे, मग हिरवे; काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. लोक इथून सुरुवात करतात, कारण शिकवायला सोपं आहे. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली 'स्टार्ट' पद्धत अर्ध्या तासात समजते. चालू शकतो तो हिरवा. चालत नसेल तर श्वास बघा: श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तर काळा, मोकळा केल्यावर सुरू झाला, तर लाल. मिनिटाला तीसच्या वर श्वास, मनगटाची नाडी लागत नाही, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यांपैकी एक जरी असेल तरी लाल. बाकीचे पिवळे. एका माणसाला तीस सेकंद, फार तर मिनिट. (लहान मुलांचे नियम वेगळे आहेत. श्वास नसला तरी नाडी असेल, तर आधी पाच श्वास देऊन बघतात. तो भाग वेगळा शिकवा.)

पण समजणं आणि हातून होणं यांत फार अंतर आहे. एका ड्रिलमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थिनीला आम्ही सांगितलं होतं, पोटात रक्तस्राव आहे, गप्प पडून राहा, नाडी जलद आणि क्षीण होत चालल्याचं कार्ड हातात ठेव. शेजारी हात मोडलेला मुलगा बेंबीच्या देठापासून ओरडत होता. त्याच्याभोवती पाच जण. तिच्याकडे बावीस मिनिटं कुणी फिरकलं नाही. नंतर ती हसत उठून बसली, पण आमच्यातलं कुणी हसलं नाही.

सगळ्यात अवघड काळा टॅग. एक नवी सिस्टर अशा पुतळ्यावर छाती दाबत राहिली. मी म्हटलं, "पुढे चल." तिनं मान वर न करता म्हटलं, "मॅडम, अजून दोन मिनिटं." रोजच्या ड्यूटीत तीच बरोबर असते, म्हणून तर हे सुटत नाही. सात लाल रुग्ण मागे असताना ही दोन मिनिटं कुणाच्या वाट्याची जातात, हे तिला भाषणातून कळलं नसतं. शेजारचे दोन लाल पुतळे आम्ही तिच्या डोळ्यांदेखत काळे केले. त्या दिवशी तिला रडू आलं. अशा ड्रिलनंतर माणसाला लगेच वॉर्डात धाडू नका, जरा बसू द्या.

ज्याकडे सहसा कुणी बघत नाही ती गोष्ट म्हणजे केसपेपर. बेशुद्ध, नाव नसलेले पंधरा जण एकदम आले की रक्ताचे नमुने, एक्स-रे, रक्ताच्या पिशव्या सगळ्यांची अदलाबदल होऊ शकते. आधीच पाकिटं तयार ठेवा: मनगटाचा पट्टा, केसपेपर, तपासणीचे फॉर्म, नमुन्याच्या नळ्या, सगळ्यांवर एकच क्रमांक. ओळीनं १०१, १०२, १०३ देऊ नका, घाईत वाचताना हमखास घोळ होतो. आम्ही क्रमांकासोबत फळाचं नाव जोडतो. 'डाळिंब' आणि 'फणस' यांत कुणाची गल्लत होत नाही.

सुरक्षारक्षक, वॉर्डातले मामा, मावशी यांना प्रशिक्षणातून वगळू नका. सगळे जखमी रुग्णवाहिकेतून सांगून येत नाहीत. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला गेला, तेव्हा एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी सुमारे ६४० रुग्ण आले; बरेचसे पायी, नाहीतर मिळेल त्या गाडीनं. कपड्यांवरच्या विषानं तिथल्या कर्मचाऱ्यांनाही डोळ्यांचा त्रास झाला. म्हणजे कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला आधी बाहेर कपडे उतरवायला लावायचे, हा पहिला निर्णय दारावरचा माणूस घेतो. त्याला कुणी शिकवलंय का?

खाटा रिकाम्या करण्याचा सराव कागदावरही चालतो. आज, आत्ता, कोणते वीस रुग्ण घरी किंवा दुसऱ्या वॉर्डात जाऊ शकतात, याची यादी प्रत्येक इन-चार्ज सिस्टरनं पंधरा मिनिटांत द्यायची.

तेव्हा वर्षातून एक मोठी ड्रिल असू द्या, पण तिच्याआधी दर महिन्याला एक छोटी घ्या, एका वेळी एकच तुकडा. संपल्यावर तासाभरात सगळ्यांना बसवा आणि मोठ्या डॉक्टरांना शेवटी बोलू द्या, नाहीतर बाकीचे तोंड उघडत नाहीत. आमच्याकडे एकदा मावशींनी सुरुवात केली. म्हणाल्या, लाल खोलीच्या दाराशी कपाट आहे, ट्रॉली वळतच नाही, आम्ही रोज उलटी ओढून नेतो. प्लॅनच्या नकाशात ते कपाट नव्हतंच.