सरांना न सांगितलेल्या अकरा गोष्टी

"मॅडम, सरांचं चुकतंय की मीच कमी पडतोय?"

छोटा उद्योग चालवणारी माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार वेगळीच असते. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, छातीत धडधडतं. दोन-तीन भेटी झाल्या की हा प्रश्न हळूच बाहेर येतो. कुणाला तरी मार्गदर्शक मानलेलं असतं, त्यांच्या शब्दावर पावलं टाकलेली असतात, ती अंगाशी आलेली असतात. आणि त्यांच्याविषयी शंका घेणं म्हणजे कृतघ्नपणा, अशी टोचणी मनाला लागलेली असते. ही टोचणी ज्यांना लागली आहे त्यांच्यासाठी एका तरुणाची हकीकत, त्याच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३४. मूळचा पलूस तालुक्यातला, भोसरीत भाड्याच्या गाळ्यात मशीन शॉप. दोन लेथ, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीन), सात कामगार, वाहनांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क. बायकोने पाठवलं म्हणून आला होता. रात्री तीनला उठून तो गाळ्यावर जायचा आणि बंद मशीनसमोर स्टूल टाकून बसून राहायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याने एका बिझनेस कोचचा वर्ग लावला होता. वर्षाची फी १ लाख ८० हजार, महिन्यातून एकदा हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभराचं शिबिर, रोज सकाळी ग्रुपवर टार्गेट. गुरुपौर्णिमेला सगळे मिळून सरांना हार घालत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती खरी आहे: या सरांनी त्याला दिलंही खूप. तोवर तो शेजारचा काय भाव लावतो ते बघून कोटेशन द्यायचा. एका पीसला मशीन किती मिनिटं चालतं, टूल किती झिजतं, वीज किती जाते, हे मांडून मशीनचा तासाचा दर काढायला सरांनी शिकवलं. मोठ्या कंपनीच्या परचेस खात्यात ताठ मानेनं जाऊन बसायचं धैर्यही तिथेच मिळालं. माणूस पूर्ण वाईट असता तर याची झोप गेलीच नसती, सरळ सोडून दिलं असतं.

मग आलं दुसरं व्हीएमसी मशीन. किंमत ३४ लाख, कर्ज २८ लाख, हप्ता ६१ हजारांच्या आसपास. ज्या ऑर्डरच्या भरवशावर मशीन घेतलं ती तोंडी होती. प्रत्यक्षात निम्मीच आली. त्यात जुन्या गिऱ्हाइकांचे पैसे शंभर-शंभर दिवस अडकू लागले. शिबिरात त्याने हे सांगितलं. सरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "मशीन मालकाचं घेतलंस, माइंडसेट अजून कामगाराचाच आहे." हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. त्या दिवसानंतर त्याने सरांना काही सांगणं बंद केलं. तरी तो टाळ्या वाजवायला दर महिन्याला जात होता.

हा प्रसंग मला चौथ्या भेटीत कळला. पहिल्या तीन भेटी मी कर्जाच्या ताणावरच घालवल्या: झोपेची वेळ, श्वासाचे व्यायाम, संध्याकाळी फोन बाजूला ठेवणं. थोडा फरक पडला, पण धडधड गेली नाही. पैशाच्या भीतीखाली लाज दडलेली असते, हे मला अनुभवाने माहीत असूनही मी तिथे उशिरा पोचले.

चौथ्या भेटीनंतर मी त्याला एक काम दिलं. गेल्या सहा महिन्यांत सरांना न सांगितलेल्या गोष्टी लिहून आणायच्या. लहान-मोठं असं काही ठरवायचं नाही, आठवेल ते लिहायचं.

तो अकरा गोष्टी लिहून आला. दोन महिने हप्त्याचा चेक परत गेला. बायकोचे दागिने गहाण ठेवले. एका कामगाराचा पगार वीस दिवस थकला. तीनशे पीसचा लॉट रिजेक्ट झाला तो स्वखर्चाने पुन्हा बनवून दिला. जीएसटीचं विवरणपत्र उशिरा भरलं. नवीन मशीन आठवड्यातून तीन दिवस बंद असतं. अशी यादी खाली खाली जात होती. शेवटची ओळ होती: "मला भीती वाटते."

मी एवढंच विचारलं, "यातल्या किती गोष्टी सरांच्या उपयोगाच्या होत्या?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सगळ्याच. याच माहीत नसतील तर ते मला सांगतायत तरी कशावरून?"

मार्गदर्शक चांगला की वाईट हे लोक त्याच्या यशावरून, गाडीवरून, बोलण्याच्या ओघावरून जोखतात. मी अलीकडे ही यादीच करायला सांगते. ज्याला वाईट बातमी सांगायची भीती वाटते त्याचा सल्ला अर्धवट माहितीवर उभा असतो, मग तो माणूस कितीही हुशार असो. आणि त्या भीतीची सगळी जबाबदारी शिष्याची नसते. त्याला हॉलमध्ये उभं करणाऱ्याचीही असते.

मी पुढे विचारलं, यातलं दुसऱ्या कुणाला काही ठाऊक आहे का? तर शेजारच्या गाळ्यातल्या अण्णांना तीन गोष्टी माहीत होत्या. अण्णा सत्तरीचे. प्रेस शॉप आता मुलगा बघतो, ते सकाळी येऊन पेपर वाचतात. "तुम्ही त्यांना कसं काय सांगितलंत?" "त्यांनी विचारलं."

काय विचारलं, हे मी त्याला आठवून आठवून सांगायला लावलं, कारण खरा ऐवज तिथे होता. महिन्याला गाळ्याचं शटर उघडायलाच किती लागतात? बिल लावल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस? यातली एक कंपनी उद्या बंद पडली तर तू किती महिने तग धरशील? मशीन वीक किंवा ठेव, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी स्वतःचा एक युनिट बंद पडला होता त्याची गोष्ट सांगितली, किती रुपये बुडाले आणि फेडायला किती वर्षं लागली ते आकड्यांसकट. मग दोनशे पानी वही आणायला लावली. प्रत्येक बिलाची तारीख, पैसे कधी यायला हवे होते, कधी आले. आठ दिवसांनी कळलं की बाहेर १९ लाख अडकलेत आणि त्यातले ११ लाख नव्वद दिवसांपलीकडचे आहेत. तोवर तो "मंदी आहे" एवढंच म्हणत होता.

पुढचं मला विशेष वाटतं. अण्णा म्हणाले, "कायद्याचं मला पुरतं कळत नाही, तुझ्या सीएला विचार." सीएने सांगितलं की २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३च्या अर्थसंकल्पात आयकराच्या नियमात बदल झाला. अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदी करणाऱ्या कंपनीला तो खर्च वजा करता येत नाही. छोटा उद्योग म्हणून याची सरकारकडे उद्यम नोंदणी झालेली होती, पण बिलावर तिचा नंबरच छापलेला नव्हता. तक्रार केली तर काम जाईल ही छोट्या उद्योजकाची भीती खरी आहे. त्याला "हक्कासाठी लढ" असं सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. त्याने बिलावर नंबर छापला आणि नम्र भाषेत पत्रं पाठवली. एका कंपनीने मार्च संपायच्या आत ४ लाख दिले. दुसरी अजून आज-उद्या करते आहे.

इथवर आल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, आता तुम्हीच सांगा. मशीन विकू का?"

एका हॉलमधून उठून तो माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसला होता, एवढाच फरक. मी उत्तर दिलं नाही. मला व्हीएमसीतलं काही कळत नाही, आणि कळत असतं तरी ते मशीन विकल्यावर रात्री तीनला जागं तो राहणार होता. मी त्याला ठेवण्याचे आणि विकण्याचे आकडे अण्णांच्या वहीत मांडायला सांगितलं. अण्णांनाही "सर" करून टाकू नका, हेही सांगितलं. कारण त्यांच्या मर्यादा आहेत. परदेशातून चौकशी आली की "नको त्या भानगडी" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दर काढायला कोचची पद्धत, उधारीला अण्णा, कराला सीए. एकाच माणसाकडून सगळं घ्यायचा हट्ट सुटला तेव्हा त्याचे खांदे माझ्यासमोर खाली आलेले मी पाहिले.

पलूसचा असल्यामुळे किर्लोस्करवाडीची गोष्ट त्याला आजोबांकडून ठाऊक होती. ती त्यानेच काढली. बेळगावहून कारखाना हलवावा लागला तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. १९१०ची ही गोष्ट. "राजेसाहेब नांगर कसा ओतायचा ते सांगायला गेले नाहीत ना, मॅडम?" असं म्हणून तो पहिल्यांदा हसला.

ज्यांच्या शेजारी अण्णा नाहीत त्यांनी पुण्यात भारतीय युवा शक्ती ट्रस्टकडे जरूर चौकशी करावी. १९९२पासून ही संस्था तरुण उद्योजकांना स्वयंसेवी मार्गदर्शक जोडून देते. माण भागातल्या बायकांसाठी म्हसवडची माणदेशी ही संस्था आहे. जिथे कुठे जाल तिथे तुमच्या कर्जातून किंवा खरेदीतून त्या माणसाला काही मिळतं का, हे मोकळेपणाने विचारा. विचारल्यावर राग आला तर उत्तर मिळालंच.

कोचचा वर्ग त्याने मुदत संपेपर्यंत ठेवला आणि मग फोन करून, आभार मानून थांबवला. मशीन विकलं नाही. एका ओळखीच्या कारखानदाराचं काम त्यावर रात्रपाळीला घेतलं.

सातव्या भेटीत मी त्याला शेवटचा गृहपाठ दिला होता. "आता तुमच्या सात कामगारांनी अशी यादी केली तर? तुम्हाला न सांगितलेल्या गोष्टींची?" तो चपापला. रिजेक्शन निघालं की तो ओरडायचा, सगळ्यांसमोर. तीनशे पीसचा तो लॉट बिघडलेला ऑपरेटरला पहिल्याच तासात कळला होता. त्याने तो क्रेटमध्ये खाली दडपून ठेवला होता.

दोन महिन्यांनी तो भेटायला आला. आदल्या दिवशी सकाळी तोच ऑपरेटर रात्रपाळी संपवून गेटवर थांबला होता, हातात माप घ्यायचा व्हर्नियर आणि चार पीस. "दादा, चाळीस गेले. बोअर मोठा झालाय. मी मशीन थांबवून ठेवलंय."

"मग?" मी विचारलं.

"घसा आवळून आला होता, मॅडम. पण मी स्टूल ओढलं, त्याला बसवलं आणि विचारलं, कुठल्या टूलनंतर झालं?"