जर्मनीतून कारने वॉर्साला जातोय, तिथलं 'जुनं शहर' नंतर बांधलेलं आहे म्हणे, मग बघण्यात अर्थ आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. बर्लिनवरून आईवडिलांना घेऊन कारने निघालं तर वॉर्सा दीड दिवसात होतं का, हा एक. आणि मित्र म्हणतोय की तिथलं जुनं शहर म्हणजे 1950 नंतरचा सेट आहे, त्यापेक्षा सरळ क्राकुफ (पोलंडमधलंच दुसरं जुनं शहर) गाठा, तर ते खरं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो, होतं. दुसऱ्यासाठी जरा लांबण लागेल, कारण मी पण जाताना हेच डोक्यात घेऊन गेलो होतो आणि बरोबर आमचे बाबा होते, जे बांधकाम खात्यातून रिटायर झालेत आणि कुठेही गेलं की आधी भिंतीला हात लावून बघतात.

रस्त्याचं आधी उरकतो. बर्लिन ते वॉर्सा पावणेसहाशे किमीच्या आसपास, बॉर्डरपासून सरळ ए2 मोटरवे पकडायचा, चहापाण्यासकट सात तास धरा. पोझनानच्या अलीकडे-पलीकडे टोलनाके लागतात, कार्ड चालतं, कोनीनच्या पुढे 2023 पासून कारला टोल नाही. मोटरवेला लिमिट 140 आहे आणि जर्मनीची सवय असेल तर पाय आवरा. हेडलाइट दिवसासुद्धा चालू ठेवायचे, हा तिथे कायदा आहे, मी विसरलो होतो तर समोरचे लोक लाइट मारून मारून सांगत होते आणि मला वाटलं पुढे पोलीस आहेत. फार जुनी गाडी असेल, त्यातून डिझेल, तर शहराच्या मध्यभागी 2024 पासून बंदीचा झोन आहे, तेवढं बघून घ्या. आणि हॉटेलवाले 'पार्किंग आहे' म्हणाले तर कुठे आहे ते विचारा. आमचं 'आहे' म्हणजे दोन गल्ल्या सोडून एका तळघरात होतं, जिथे माझी गाडी वळताना बायको खाली उतरून 'येऊ दे, येऊ दे, थांब थांब' करत होती.

आता मुद्दा. सेट आहे का? बांधलेलं नंतर आहे हे शंभर टक्के खरं. 1944 च्या ऑगस्टमध्ये वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, तो 63 दिवस चालला, चिरडला गेला, आणि मग उरलेल्या लोकांना बाहेर काढून जर्मनांनी रिकामं शहर रस्त्यामागून रस्ता घेत जाळलं आणि सुरुंग लावून पाडलं. लढाईत पडलं ते वेगळं, हे मुद्दाम, पद्धतशीर, ठरवून पाडलेलं. राजवाड्याच्या भिंतींना तर सुरुंगाची भोकं युद्धाच्या सुरुवातीलाच पाडून ठेवली होती, उडवला 1944 ला. शहराचा 85 टक्के भाग गेला असं सांगतात. राडारोडा जवळपास 2 कोटी घनमीटर. हा आकडा ऐकल्यावर बाबांनी तिथेच फुटपाथवर उभं राहून मोबाइलवर ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) काढले, म्हणे 70 लाख ब्रास होतात, दोन ब्रासचा डंपर धरला तर 35 लाख खेपा, आणि मग बराच वेळ गप्प. मला घनमीटरमध्ये काहीच कळलं नव्हतं, डंपरमध्ये कळलं.

तर असं सगळं भुईसपाट झाल्यावर 1945 च्या फेब्रुवारीत राजधानी परत उभारायला एक खातंच काढलं आणि जुन्या वास्तूंचं काम यान झाख्वातोविच नावाच्या आर्किटेक्टकडे आलं. काही लोकांचं म्हणणं होतं की सोडून द्या, नवीन बांधा. यांनी ठरवलं की ज्यांनी पुसलं त्यांना पुसू द्यायचं नाही. आणि इथे नशीब म्हणा की काय, तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये आर्किटेक्चरच्या पोरांना युद्धाआधी जुन्या घरांची मापं घेऊन ड्रॉइंग काढायला लावायचे, ती ड्रॉइंग प्राध्यापकांनी शहराबाहेर पियोत्रकुफच्या एका मठात लपवून वाचवली. आपल्याकडे कॉलेजचं सबमिशन आपण वर्ष संपलं की रद्दीत देतो. अठराव्या शतकातला बेलोत्तो म्हणून राजाचा चित्रकार, त्याची शहराची बारीक बारीक चित्रं होती, ती पण वापरली. क्राकोव्स्कीए प्शेद्मिएश्चे (नाव वाचून दमलात ना, हा राजवाड्यापासून निघणारा मोठा रस्ता) तिथे फुटपाथवर त्या चित्रांच्या प्रती लावून ठेवल्यात, म्हणजे चित्र बघायचं आणि मान वर करून तीच इमारत बघायची. हे फुकट आहे आणि मला म्युझियमपेक्षा जास्त आवडलं.

आता तुमच्या मित्राच्या बाजूने पण एक बोलतो. ते जसंच्या तसं नाहीये. 1939 ला होतं तसं बांधलं नाही, त्याहून जुनं, सतराव्या-अठराव्या शतकासारखं बांधलं, नंतर चढवलेले मजले गाळले, आणि दर्शनी बाजू जुनी पण आत कामगारांसाठी साधे फ्लॅट. हे मला वाचून नाही कळलं, बाबांमुळे कळलं. रिनेकवर, म्हणजे जुन्या बाजाराच्या चौकात, आम्ही आइसक्रीम खात होतो तर बाबा एका उघड्या दारातून आत शिरले, मागे गेलो तर ते मागच्या अंगणात उभे, झाडं, हिरवळ, भरपूर उजेड. म्हणाले, "एवढा मोठा मागचा चौक जुन्या वाड्यात असतोय होय? दाटीवाटीनं घरं असणार इथं, यांनी मागची बांधलीच नाहीत." नंतर वाचलं तर तसंच निघालं, मागची कोंदट घरं परत न बांधता हवा-उजेडासाठी जागा मोकळी सोडली.

मग त्यांना नादच लागला. दर्शनी भिंतींवरची नक्षी बघितली, रंगाने काढलेली नाही, दोन रंगांच्या गिलाव्याचे थर देऊन वरचा थर ओला असताना खरवडायचा म्हणजे खालचा रंग दिसतो, तसली. ती पण जुन्याची नक्कल नाही, बरीचशी 1953 च्या कलाकारांनी आपल्या मनाने काढलेली, चौक खुला झाला त्याच वर्षीची. एका दाराच्या दगडी चौकटीत खालचे दोन दगड काळपट, कडा झिजलेल्या, वरचे सगळे एकसारखे तासलेले. बाबांनी बोट फिरवून सांधा दाखवला, "हा जुना, हा नवा, आणि लपवलेलं नाहीये बघ." मला वाटतं वॉर्साचं जुनं शहर असंच बघायचं असतं, सांधे शोधत. सुंदर जुनं शहर बघायला म्हणून गेलात तर मित्र बरोबर आहे, क्राकुफ जास्त सुंदर आहे, ते पडलंच नव्हतं.

सांधे कुठे कुठे आहेत ते सांगतो. राजवाड्यासमोरच्या चौकात उंच खांबावर झिग्मुंट राजाचा पुतळा आहे, 1644 चा. जर्मनांनी तो 1944 ला पाडला, 1949 ला नव्या खांबावर परत चढवला, पण पाडलेला खांब तिथेच राजवाड्याच्या कडेला गवतात आडवा ठेवलाय, त्यावरच्या गोळ्यांच्या खुणांमध्ये बोट जातं. सगळे वरच्या पुतळ्याचा फोटो काढतात आणि याच्याकडे पाठ करून उभे राहतात. सेंट जॉनच्या कॅथेड्रलच्या बाजूच्या गल्लीत भिंतीत एका जर्मन स्फोटक-गाडीच्या पट्ट्याचा लोखंडी तुकडा बसवलाय. आणि राजवाडा तर फारच उशिरा बांधला, निर्णयच 1971 ला झाला, लोकांच्या वर्गणीतून. 17 सप्टेंबर 1939 च्या बाँबहल्ल्यात त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ 11:15 ला बंद पडलं होतं, ते 19 जुलै 1974 ला बरोबर 11:15 लाच परत चालू केलं. रोज त्या वेळेला मनोऱ्यातून तुतारी वाजवतात. आम्ही योगायोगाने तेव्हा खालीच होतो, मला वाटलं कुठलं तरी लग्न आहे.

विटा कमी पडल्या तेव्हा व्रोत्सवाफ वगैरे ठिकाणच्या पडक्या इमारतींतून आणल्या, म्हणजे एक शहर उभं करायला दुसऱ्या शहराच्या विटा, त्या शहरातले लोक आजही यावरून टोमणे मारतात म्हणे. मुरानुफ भाग मात्र वेगळाच. तिथे ज्यूंचा घेट्टो होता, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, ज्यूंच्या 1943 च्या उठावानंतर पार जमीनदोस्त केलेली. तिथला मलबा उचललाच नाही, त्याच ढिगाऱ्यांवर घरं बांधली आणि मलबा दळून त्याचेच ब्लॉक पाडले. म्हणून तिथे बिल्डिंगच्या दाराशी जायला पायऱ्या चढाव्या लागतात. खाली काय आहे हे कळल्यावर पायऱ्या चढवेनात.

बाकी, 1944 च्या उठावाचं म्युझियम चांगलं आहे पण गर्दी आणि आवाज फार, मंगळवारी बंद, आईवडील दमतील. पॅलेस ऑफ कल्चर नावाच्या उंच इमारतीच्या तिसाव्या मजल्यावर जा, लिफ्ट आहे, जुनं शहर केवढंसं आहे ते वरून कळतं. जेवायला 'बार म्लेचनी' शोधा, नाव दुधाचा बार पण दारूबिरू काही नसते, समाजवादी काळातली स्वस्त खानावळ, ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. शाकाहारी असाल तर 'पिएरोगी रुस्किए' मागा, बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेले, पण वरून डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, ते नको म्हणून आधी सांगा. बाबांनी चार खाल्ले आणि म्हणाले मीठ-मिरची राहिली, मग बायकोच्या पर्समधून चटणीची पुडी निघाली.

आणि एक, हे तुम्हाला गाईड सांगणार नाही. जुन्या शहरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, क्राशिन्स्की बागेशेजारी माँते कासिनोच्या लढाईचं (दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैनिक इटलीत लढले ती) स्मारक आहे, त्याच्याजवळ वळिवडे-कोल्हापूर छावणीच्या आठवणीचं स्मारक आहे, 2017 चं. रशियाने सायबेरियात नेऊन टाकलेले पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, इराणमार्गे आपल्याकडे आले आणि 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याला जवळपास 5 हजारजण राहिले. आम्ही कोल्हापूरचेच. नंतर त्याच छावणीत फाळणीचे सिंधी लोक आले आणि गांधीनगर झालं, जिथे आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता बांधलाय. माझी आजी 'पोलंडची माणसं' म्हणून काहीबाही सांगायची, गोऱ्या बायका बाजारात भाजी घ्यायच्या वगैरे, आम्हाला वाटायचं आजी इंग्रजांनाच तसं म्हणत असणार. बाबांनी चष्मा पुसून 'कोल्हापूर' दोनदा वाचलं, मग व्हिडिओ कॉल लावून काकांना दाखवायला लागले, काका तिकडून ओरडतायत की काही दिसत नाही, ऊन येतंय, फोन आडवा धर.

तुम्ही पण दुपारी नका जाऊ तिथे, सकाळी जा, आणि परत येताना 11:15 ला राजवाड्याखाली पोचाल.