मुलाच्या माइनक्राफ्टमध्ये 'मल्टिप्लेअर इज डिसेबल्ड' असं येतं. वय वाढवून नवं खातं काढावं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: मुलगा ११ वर्षांचा, त्याच्या खऱ्या जन्मतारखेने मायक्रोसॉफ्टचं खातं काढून गेम घेतला. एकट्याने खेळता येतं, पण मित्रांच्या सर्व्हरवर जायला गेलं की 'मल्टिप्लेअर इज डिसेबल्ड, प्लीज चेक युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट सेटिंग्ज' असा संदेश येतो. आणि कुणीतरी सुचवलंय की जन्मवर्ष २००० टाकून दुसरं खातं काढा.

तसं करू नका. एक तर माइनक्राफ्ट ज्या खात्यावर घेतला त्या खात्यालाच बांधलेला असतो, त्यामुळे नव्या खात्यावर पुन्हा पैसे मोजावे लागतील. दुसरं, खोट्या वयाच्या खात्यावर मुलांसाठीची कुठलीच मर्यादा लागत नाही: अनोळखी माणसाचा मेसेज, व्हॉइस चॅट, खरेदी, सगळं मोकळं. तुमच्या गेममध्ये बिघाड काहीच नाही. मुलाच्या खात्यावर मल्टिप्लेअर बंद आहे आणि ते पालकाने उघडायचं असतं, एवढंच.

आधी तुमचं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं लागेल, खऱ्या जन्मतारखेचं. अकाउंट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉमवर 'फॅमिली' भागात जाऊन मुलाचा ईमेल टाका आणि त्याला 'मेंबर' म्हणून जोडा, 'ऑर्गनायझर' तुम्ही. मुलाच्या ईमेलवर आमंत्रण जातं, ते त्याच्या खात्यातून स्वीकारावं लागतं. अनेकांचं घोडं इथेच अडतं, कारण आमंत्रण तुमच्याच ब्राउझरमध्ये उघडलं तर तिथे तुमचं खातं आधीच चालू असतं. ते खासगी विंडोत किंवा मुलाच्या फोनवर उघडा.

खरं कुलूप एक्सबॉक्सच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेमसेवेच्या, सेटिंगमध्ये असतं. घरात एक्सबॉक्स नसला तरी माइनक्राफ्टची ऑनलाइन परवानगी तिथूनच ठरते. एक्सबॉक्स डॉट कॉमवर तुमच्या खात्याने आत जा, 'प्रायव्हसी अँड ऑनलाइन सेफ्टी' उघडा आणि वर दिसणाऱ्या नावांतून मुलाचं नाव निवडा. नाव न निवडता बदल केले तर ते तुमच्याच खात्याला लागतात आणि मुलाचं जसंच्या तसं राहतं. ही चूक सर्रास होते. मग या तीन ओळी बघा:

'मल्टिप्लेअर गेममध्ये सामील होता येईल' या अर्थाची ओळ: 'अलाउ' करा.
'एक्सबॉक्सबाहेरच्या लोकांशी खेळता येईल': मित्र प्लेस्टेशन किंवा निन्टेन्डो स्विचवरून खेळत असेल तरच 'अलाउ'.
'इतरांना व्हॉइस, टेक्स्ट किंवा आमंत्रणाने संपर्क करता येईल': 'फ्रेंड्स' ठेवा, 'एव्हरीवन' नको.

शेवटी पानाच्या तळाशी जाऊन 'सबमिट' दाबा, नाहीतर काहीच जतन होत नाही. फोनवरून करायचं असेल तर 'एक्सबॉक्स फॅमिली सेटिंग्ज' हे अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळतं.

एवढं करूनही तोच संदेश आला तर लाँचरमधून (संगणकावर माइनक्राफ्ट ज्यातून सुरू होतो ते अ‍ॅप) मुलाचं खातं साइन आउट करून पुन्हा साइन इन करा. गेमची खिडकी नुसती बंद करून उघडल्याने भागतंच असं नाही, कारण जुन्या लॉगिनबरोबर जुन्याच परवानग्या टिकून राहू शकतात. लॅपटॉप घरात सगळ्यांचा असेल तर लाँचरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कुणाचं नाव दिसतं तेही बघा. विंडोजला बाबांचं खातं आणि गेमला मुलाचं, अशा घोळात तासन्‌तास जातात. प्लेस्टेशन आणि स्विचवर त्या त्या कंपनीचं पालक-नियंत्रण वेगळं असतं, शिवाय ऑनलाइन खेळायला पीएस प्लस किंवा निन्टेन्डो स्विच ऑनलाइनची वर्गणीही लागते. आणि 'मोजांग खातं' (माइनक्राफ्ट बनवणाऱ्या कंपनीचं जुनं खातं) सांगणारे जुने व्हिडिओ बघू नका. ती खाती मायक्रोसॉफ्टकडे हलवण्याची मुदत सप्टेंबर २०२३ मध्येच संपली.

मल्टिप्लेअर उघडलं म्हणजे सगळं जग उघडावं असं नाही. माइनक्राफ्टच्या जावा, म्हणजे संगणकावरच्या एका आवृत्तीचे बहुतेक सार्वजनिक सर्व्हर त्रयस्थ लोक चालवतात. तिथे कोण आहे, चॅटवर कुणाचं लक्ष आहे, हे मायक्रोसॉफ्टच्या हातात नसतं. ११ वर्षांच्या मुलासाठी माझं स्पष्ट मत असं की सुरुवात 'रेल्म्स'ने करावी. तो वर्गणीचा खासगी सर्व्हर असतो, आमंत्रण दिलेलेच आत येतात, आणि जावा रेल्मवर मालकाशिवाय १० जण एका वेळी खेळू शकतात. शाळेतल्या टोळीला पुरेसं आहे. सार्वजनिक सर्व्हरवर जायचंच असेल तर 'ऑप्शन्स'मधल्या 'चॅट सेटिंग्ज'मध्ये चॅट 'हिडन' करता येतं, आणि 'पी' कळ दाबून त्रास देणाऱ्याला लपवता किंवा त्याची तक्रार करता येते. मुलाला ही कळ पहिल्याच दिवशी दाखवा. सर्व्हरवर कुणी 'डिस्कॉर्डवर (गप्पांचं वेगळं अ‍ॅप) ये' म्हणालं तर नाही म्हणायचं हेही सांगा. डिस्कॉर्डची किमान अट १३ वर्षांची आहे आणि तुम्ही लावलेलं एकही बंधन तिथे लागू होत नाही.

हाच प्रश्न उद्या रोब्लॉक्समध्ये येईल म्हणून तेही सांगतो. तिथे आता चॅटसाठी चेहऱ्यावरून वयाची तपासणी होते आणि खेळाडू वयोगटांत विभागले जातात: ९ च्या खाली, ९ ते १२, १३ ते १५ असे पुढे. मुलगा कंटाळला म्हणून कॅमेऱ्यासमोर स्वतः बसू नका. मुलाचं खातं प्रौढांच्या गटात जाईल, मग वर्गमित्रांशी चॅट बंद आणि मोठ्या माणसांशी चालू, म्हणजे नेमकं उलटं. फोर्टनाइटमध्ये लहान मुलाचं खातं पालकाची संमती येईपर्यंत मर्यादित राहतं: खेळता येतं, पण चॅट आणि खऱ्या पैशांची खरेदी बंद. संमतीचा ईमेल मुलाने दिलेल्या पत्त्यावर येतो, तेव्हा तो पत्ता तुमचाच आहे याची खात्री करा आणि स्पॅम फोल्डरही बघा.

ऑनलाइन खात्यांसाठीचा १३ वर्षांचा आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या 'कोपा' या मुलांच्या ऑनलाइन माहितीसंबंधीच्या कायद्यातून आला. आपल्याकडच्या २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येकजण मूल धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकाची पडताळता येणारी संमती लागेल असं म्हटलंय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, संमतीची तरतूद टप्प्याटप्प्याने लागू होते आहे. म्हणजे पुढे असे प्रश्न पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या खात्यांनाही विचारले जातील. फॅमिली गटात मुलाची खरी जन्मतारीख असली तर तुम्हाला तिथून नुसती परवानगी द्यावी लागेल.