इफेक्ट देण्याआधी मूळ आवाज जपा : वाचकांची प्रश्नोत्तरे

धुळे, जळगाव, नंदुरबारकडची अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ करणारी मंडळी आता घरच्या संगणकावरच मिक्सिंग करतात. त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. फोन, रेडिओ आणि भोंगा एकाच बटणाने होतात, ही समजूत काही जात नाही. म्हणून काही उत्तरे इथे एकत्र देतो.

गावाकडून आलेल्या फोनचा आवाज करायचा आहे. कुठे कापू? (शिरपूर)

३०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाज किती जाड की बारीक याचे माप) खालचे आणि ३४०० हर्ट्झच्या वरचे काढा. हे लँडलाइनचे माप. प्रसंग आजचा असेल तर कापणी सौम्य ठेवा, कारण फोर-जीवरच्या चांगल्या कॉलमध्ये आवाज ७००० हर्ट्झच्या आसपास पोहोचतो. गोष्ट कोणत्या काळातली, हे आधी दिग्दर्शकाला विचारा.

‘जुना रेडिओ’ नावाचे प्रीसेट (तयार इफेक्टचा संच) विकत घेतले. ऐकणारे म्हणतात, हा तर रेकॉर्ड प्लेअर वाटतो. (चोपडा)

ऐकणारे बरोबर सांगतात. ठरावीक अंतराने येणारी टकटक तबकडीवरच्या ओरखड्याची असते, रेडिओची नव्हे. मीडियम वेव्हवर सलग खरखर असते, वीज चमकली की कडकडाट येतो, रात्री दूरचे स्टेशन बुडते आणि पुन्हा वर येते, शेजारच्या स्टेशनची बारीक शिटी घुसते. वरची मर्यादा साधारण ४५०० ते ५००० हर्ट्झ धरा. एफएम मात्र १५००० हर्ट्झपर्यंत जाते, तिथे ही खरखर चिकटवली तर खोटी वाटते. अशा संचांत बहुतेक वेळा दोन फिल्टर (आवाजाची नको ती पट्टी कापणारी साधने) आणि एक खरखरीची फाइल एवढेच असते, आणि ते दोन्ही फिल्टर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट आहेत. पैसे मोजण्याआधी जाणत्या ध्वनिमुद्रकाला नमुना ऐकवत जा.

भुसावळ स्टेशनवरची घोषणा करायची आहे. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) कितीही वाढवला तरी देवळात बोलल्यासारखे वाटते. (भुसावळ)

रिव्हर्ब कमी करा. फलाटावर एकच घोषणा ओळीने लावलेल्या अनेक स्पीकरांतून येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तुमच्यापासून ३४ मीटर लांबच्या स्पीकरचा शब्द दशांश सेकंद उशिरा कानावर पडतो. त्याच वाक्याच्या तीन-चार प्रती थोड्या थोड्या उशिराने ठेवा आणि प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीपेक्षा हळू व बोथट करा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आईने झोक्यावर म्हटलेली गाणी मोबाइलवर घेतली होती. ॲपमध्ये जुन्या रेडिओचा इफेक्ट दिला आणि जागा हवी म्हणून मूळ फाइल पुसली. आई आता नाही. दुकानदार म्हणतो, एआयने मूळ आवाज परत येतो. पैसे भरू का? (पारोळा)

ताई, पैसे भरू नका. आधी मूळ शोधा, आणि आजच शोधा. त्या मोबाइलवर नवे काहीही रेकॉर्ड करू नका, ॲप टाकू नका; पुसलेल्या फाइलच्या जागेवर नवे लिहिले गेले की उरलीसुरली आशाही जाते. फाइल ॲपची कचरापेटी आणि क्लाउडवरचा बॅकअप पाहा. मावशीला, बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवले होते का, ते विचारा. तिथली प्रत दाबलेली असली तरी तिच्यावर इफेक्ट नाही, म्हणून ती तुमच्या फाइलपेक्षा मोलाची. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर असेल तर कार्ड काढून ठेवा आणि डेटा परत मिळवण्याचे काम खरोखर करणाऱ्याकडेच न्या.

आता त्या दाव्याबद्दल. सौम्य फिल्टरने दबलेला आवाज इक्वलायझरने (पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) थोडाफार उचलता येतो. पण खोल कापले, डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) दिले, वर खरखर मिसळली, की दळलेल्या पिठाची ज्वारी होत नाही. आईच्या ‘स’, ‘श’मधला बारीक सळसळाट, दोन ओळींमध्ये घेतलेला श्वास हे त्या फाइलमध्ये उरलेलेच नसते. सॉफ्टवेअर तिथे अंदाजाने काहीतरी भरते. तो अंदाज कानाला गोड वाटेल, पण तो तुमच्या आईचा आवाज नाही, आणि त्याला ‘मूळ’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

बाकीच्यांनीही हे वाचावे. आखाजीची, कानबाईची (खानदेशातल्या देवीच्या उत्सवाची), लग्नातली गाणी येणाऱ्या बाया घरोघरी कमी होत आहेत आणि आपण त्यांच्या एकुलत्या एका रेकॉर्डिंगवर ॲपचे प्रयोग करतो. शक्य असेल तिथे डब्ल्यूएव्ही (न दाबलेली) फाइल घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. इफेक्ट वेगळ्या प्रतीवर द्या, मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका. आणि शंका असेल तर पुसण्याआधी विचारा. पुसून सहा महिने झाल्यावर माझ्या हाती फारसे काही राहत नाही.

भोंग्यासाठी आधी डिस्टॉर्शन की आधी फिल्टर? (शहादा)

आधी खालचा आवाज कापा, मग डिस्टॉर्शन, मग दोन्ही टोके पुन्हा कापा. त्यापेक्षाही चांगले म्हणजे खऱ्या भोंग्यातून वाजवून लांबून माइकने घ्या. अंगणाचा, भिंतींचा आवाज आपोआप येतो. मात्र ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच. आधी पोलीस ठाण्यात विचारा.

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ उघडून आतला स्पीकर वापरावा म्हणतो. (यावल)

स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जिवावर बेतेल इतका विजेचा दाब राहू शकतो. जुन्या रेडिओच्या कारागिराकडे न्या.

हेडफोनवर फोनचे इफेक्ट तासन्‌तास तपासतो. आता रात्री कानात शिटी वाजते. (अमळनेर)

फोनच्या इफेक्टमध्ये उरते ती मुख्यतः मधली पट्टी, आणि २००० ते ५००० हर्ट्झला माणसाचा कान सर्वांत तिखट असतो. त्यात आवाज बारीक वाटतो म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवत जातो. हेडफोन आजच बाजूला ठेवा. तेलाचे थेंब, शेजाऱ्याने सांगितलेला उपाय, काही करू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन श्रवण तपासून घ्या. ऐकू येणेही अचानक कमी झाले असेल तर उद्यावर टाकू नका. अशा वेळी उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात.