१९७२ च्या एमजीबी रोडस्टरला (ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) टोबार (ट्रेलर ओढायचा मागचा दांडा) बसवून छोटा ट्रेलर ओढता येईल का?

येईल, पण मर्यादा ओळखून. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरला गाडीच्या वजनाच्या निम्मी किंवा ७५० किलो, यातली कमी मर्यादा लागू होते. एमजीबीसाठी ती ४५० किलोच्या आसपास येते. मी तरी ३००च्या वर जाऊ नका म्हणेन.

या गाडीला वेगळी चासी नाही, त्यामुळे सगळा ताण पत्र्यावर येतो. आधी डिकीचा तळ आणि मागचे बॉक्स सेक्शन (पत्र्याच्या पोकळ पेटीसारख्या पट्ट्या) गंजलेत का ते स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं तर पहिलं काम वेल्डिंगचं. पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखालीच असते. ती उतरवल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. बोल्ट ८.८ ग्रेडचे (जास्त मजबुतीचे), डिकीच्या आतून ४ मिमी जाड पट्टी. बॉक्स सेक्शनमधून बोल्ट जात असेल तर आत नळीचा स्पेसर हवाच, नाहीतर आवळताना पत्रा चेपतो आणि महिन्याभरात बोल्ट सैल. भोकांच्या कडांना प्रायमर आणि सीलर.

वायरिंगमध्ये हमखास चुकतो तो फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग: मूळचा थर्मल (उष्णतेवर चालणारा) फ्लॅशर ट्रेलरच्या जादा २१ वॉटच्या बल्बने भराभर लुकलुकतो. हेवी-ड्यूटी फ्लॅशर लावा.