टीपीपी, एफपीपी आणि खेळाचा प्रकार

प्रश्न : माझा नातू ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइल गेम खेळताना कधी टीपीपी, कधी एफपीपी म्हणतो, ‘डूम’ला मात्र एफपीएस म्हणतो. ही सारी खेळांच्या प्रकारांचीच नावे आहेत काय? त्याला भेट देण्यासाठी गेम निवडताना वर्णनात काय पाहावे?

उत्तर : पहिली दोन नावे प्रकाराची नाहीत, तर खेळ कोणत्या दृष्टिकोनातून दिसतो त्याची आहेत. कादंबरीचे निवेदन प्रथमपुरुषी आहे एवढे कळल्याने ती रहस्यकथा आहे की प्रेमकथा हे समजत नाही, तसेच हे आहे. एफपीपीमध्ये (फर्स्ट पर्सन पर्स्पेक्टिव्ह) आपण पात्राच्या डोळ्यांनी पाहतो, तर टीपीपीमध्ये (थर्ड पर्सन पर्स्पेक्टिव्ह) कॅमेरा त्याच्या पाठीमागे असतो. म्हणूनच टीपीपीत भिंतीआड दबा धरून बसलेल्या खेळाडूला कोपऱ्यापलीकडून येणारा शत्रू दिसतो, पण शत्रूला तो दिसत नाही. एफपीपीत मात्र पाहायचे तर डोके बाहेर काढावेच लागते आणि गोळी लागण्याची जोखीम पत्करावी लागते. डावपेच असे पार बदलतात, तरीही अखेरचा टिकेल तो जिंकला, हा ‘बॅटल रॉयल’ प्रकार दोन्हीकडे तोच राहतो.

घोटाळा एफपीएस या नावाने केला आहे, कारण त्यात ‘फर्स्ट पर्सन’ हा दृष्टिकोन आणि ‘शूटर’ हा गोळीबाराच्या खेळांचा प्रकार एकत्र बांधले गेले आहेत. १९९३ मध्ये ‘डूम’ आला, तेव्हा त्याच्या धर्तीवरच्या खेळांना काही वर्षे ‘डूम क्लोन’ म्हणत. एफपीएस हे नाव पुढे रुळले. २००७ चा ‘पोर्टल’ही पात्राच्याच डोळ्यांनी दिसतो आणि त्यातही हातात बंदुकीसारखे यंत्र असते, परंतु त्यातून गोळी सुटत नाही, तर भिंतीत दार उघडते, आणि त्या दारांतून वाट काढणे हे कोडे असते. त्याला एफपीएस म्हणणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूकच.

तेव्हा खेळाडूला प्रत्यक्ष काय करायचे आहे, हे आधी वाचावे. पुण्यातील नोडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ला (२०२०) ‘अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर’ म्हणतात. हा शब्द इतका ऐसपैस आहे की एकटा फारसा उपयोगाचा नाही. दूरवरच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या मुलीला चढत, उड्या मारत, राक्षसांशी लढत पुढे न्यायचे आहे, असे लिहिले तर चित्र उभे राहते. आपणही नातवाबरोबर खेळणार असाल, तर दृष्टिकोनही अवश्य पाहावा, कारण एफपीपीतील भराभर वळणाऱ्या दृश्याने काहींना गरगरते.