तुरुंगातून पाठवलेला प्रश्न

ख्रिस्तात प्रिय मुला,

देवाविषयीच्या शंका तुला छळतात असं सांगणारं तुझं पत्र आलं. वाचून मी ते पवित्र शास्त्रात ठेवलं, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात. तिथेच का, ते आधी सांगते.

योहान बाप्तिस्मा करणारा तुला संडे स्कूलपासून माहीत आहे. उंटाच्या केसांचं वस्त्र, टोळ आणि रानमध, हे सगळं तू वर्गात घडाघडा म्हणून दाखवायचास. येशूकडे बोट दाखवून ‘हा पाहा देवाचा कोकरा’ म्हणणारा तोच. आणि अकराव्या अध्यायात तोच माणूस हेरोद राजाच्या तुरुंगात बसून आपल्या शिष्यांकरवी विचारतो आहे, ‘येणारे ते आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?’ ज्याने सगळ्यांच्या आधी ओळखलं, त्यालाच आता आपण बरोबर ओळखलं होतं का याची खात्री वाटेना.

मी पुष्कळ वर्षं हा भाग शिकवताना घाईने पुढे जायचे. मुलांच्या मनात भलतंसलतं येईल अशी भीती वाटायची. ती माझी चूक झाली. हाच भाग तुम्हां मुलांना सावकाश शिकवायला हवा होता.

येशूने काय उत्तर दिलं ते बघ. ‘होय, मीच तो’ असं तो म्हणाला नाही. जे ऐकता नि पाहता ते जाऊन सांगा, म्हणाला: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. हे शब्द यशया संदेष्ट्याच्या वळणाचे आहेत, योहानाने लगेच ओळखले असतील. पण यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात बंदिवानांच्या सुटकेचंही अभिवचन आहे. नासरेथच्या सभास्थानात येशूने ते स्वतः वाचून दाखवलं होतं. योहानाला पाठवलेल्या निरोपात मात्र ते आलंच नाही. तुरुंगातल्या माणसाला निरोप, आणि त्यात तुरुंगाबद्दल एक अक्षर नाही! पुढे योहान सुटलाही नाही. हेरोदाने त्याचं शिर कापवलं.

म्हणजे त्याने विचारलं त्याचं उत्तर मिळालं, पण ज्या दुखण्यातून त्याने विचारलं ते दुखणं तसंच राहिलं. विश्वासाच्या वाटेवर असं होतं, बाळा. हे आम्ही मोठ्यांनी तुम्हांला वेळेवर सांगितलं नाही.

आणि योहानाचे शिष्य परत फिरल्यावर येशू लोकांना म्हणाला की स्त्रियांपासून जन्मलेल्यांमध्ये योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. हा क्रम मी कितीदा तरी बोट ठेवून वाचला आहे. आधी योहानाचा प्रश्न, मग ही थोरवी.

यावरून शंका ही चांगली गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. शंका छळते, झोप उडवते, हे तुझ्याच पत्रात दिसतं. ती मिरवू नये, तिचं कौतुकही करू नये. मला योहानाकडून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: त्याने प्रश्न पाठवला कुठे? ज्याच्याविषयी शंका होती त्याच्याकडेच. शिष्यांशी कुजबुजत तो बसला नाही, की मनातल्या मनात निकाल लावून मोकळा झाला नाही. इतकी वर्षं स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या शंका पाहिल्यावर मला वाटतं, बहुतेक सगळं यावरच ठरतं. देवाविषयी बोलत राहिलेली शंका हळूहळू कडू होते. देवाशी बोलणारी शंका कितीही कठोर झाली तरी प्रार्थनाच असते.

स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघ. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळतात, ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ म्हणतात. हे वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधाराच्याच शब्दावर संपतं. ज्यांनी स्तोत्रं जमवली त्यांनी हे काढून टाकलं नाही, शेवटी आशेची एखादी ओळही जोडली नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘तू’ला उद्देशून आहे. ‘तू मला लोटलंस, तू तोंड लपवतोस.’ ज्या दिवशी तुला प्रार्थना सुचणार नाही त्या दिवशी हे मोठ्याने वाच. स्वतःचं काही जोडू नकोस. शब्द उसने घेतले तर चालतात. वधस्तंभावर आपल्या प्रभूनेही बाविसाव्या स्तोत्रातलेच शब्द उच्चारले: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’

आता माझं सांगते. तुला कधी सांगितलं नव्हतं.

मी तुझ्यापेक्षा थोडीच मोठी असताना माझा धाकटा भाऊ आजारी पडला. आम्ही उपास केले, रात्ररात्र प्रार्थना केली. तो गेला. त्यानंतर एका वडीलधाऱ्या माणसाने मला जवळ बोलावून सांगितलं, ‘घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असणार.’ त्यांचा हेतू वाईट नसेलही. पण त्या वाक्याने जे केलं ते भावाच्या मरणानेही केलं नव्हतं. मी उपासनेला जात राहिले ती आईसाठी. गीत सुरू झालं की माझे ओठ मिटलेले असायचे. जवळजवळ दोन वर्षं.

माझ्या शेजारी एक म्हातारी बाई बसायची. तिला माझं काय चाललंय हे कळलं होतं. तिने मला एकदाही काही समजावलं नाही. गीताचं पुस्तक दोघींच्या मध्ये धरायची आणि स्वतः म्हणायची. एकदा मीच चिडून विचारलं, ‘मी गात नाही, मग पुस्तक माझ्यासमोर कशाला धरता?’ ती म्हणाली, ‘तुझ्या वाटचं मी म्हणते. तुला जमेल तेव्हा माझ्या वाटचं तू म्हण.’

येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट मला तेव्हा कळली. आपण त्याला ‘संशयी थोमा’ म्हणून हिणवतो, पण योहानाच्या शुभवर्तमानात (हा योहान वेगळा, बाप्तिस्मा करणारा नव्हे) त्या आठ दिवसांकडे बघ. बाकीच्या दहा शिष्यांनी पुन्हा उठलेल्या प्रभूला पाहिलं होतं, याने नव्हतं. ‘खिळ्यांच्या खुणांमध्ये बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही’ असं तो तोंडावर बोलला. आणि तरी आठ दिवसांनी तो त्याच घरात, त्यांच्यातच होता. त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही, तोही उठून गेला नाही. ते आठ दिवस त्या घरात कसे गेले असतील याविषयी शास्त्र काही सांगत नाही. जेवताना काय बोलले असतील? मला वाटतं, त्या न सांगितलेल्या आठ दिवसांत ख्रिस्ती मंडळी म्हणजे काय हे दडलेलं आहे. ‘माझा प्रभू, माझा देव’ हे उद्गार त्यानंतर आले, थोमाच्याच तोंडून.

तुझ्या शंका मात्र सगळ्या एका जातीच्या नाहीत. तू त्यांचं एकच गाठोडं बांधून मला पाठवलं आहेस. ते सोडलं पाहिजे, कारण जखमेला युक्तिवाद लावून उपयोग नसतो, आणि खऱ्या प्रश्नाला ‘जास्त प्रार्थना कर’ हे उत्तर नसतं.

चार शुभवर्तमानांतल्या, म्हणजे येशूविषयीच्या चार वृत्तांतांतल्या, फरकांविषयी तू लिहिलंस. हे अभ्यासाचे प्रश्न आहेत, त्यांचा अभ्यासच करायचा. पुनरुत्थानाच्या सकाळी येशूच्या कबरेजवळ किती स्त्रिया गेल्या? मत्तय दोघींची नावं देतो, मार्क तिघींची, लूक त्याहून जास्त जणी होत्या असं सांगतो आणि योहान फक्त मग्दालीया मरीयेविषयी बोलतो. पण योहानातली मरीया धावत येऊन म्हणते, ‘त्याला कुठे ठेवलं हे आम्हांला ठाऊक नाही.’ आम्हांला! म्हणजे ती एकटी नव्हती. सगळे फरक इतक्या सहज सुटत नाहीत, आणि सुटतात असं भासवणाऱ्यांपासून सावध राहा. मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या, म्हणजे वचनं, चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत नाहीत. हे तुला कुणीतरी बाहेरच्याने सांगितलं आणि तू हादरलास. खरं तर ते आम्हीच तुला सांगायला हवं होतं. पुनरुत्थानाची साक्ष त्या बारा ओव्यांवर टेकलेली नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना पहिलं पत्र लिहिलं ते साधारण इ. स. ५५ च्या सुमारास, म्हणजे वधस्तंभानंतर २५ वर्षांच्या आत-बाहेर. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो लिहितो की ५०० हून अधिक बांधवांना प्रभू दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. जाऊन विचारा, असंच जणू तो म्हणतो. एवढ्याने शंका मिटेलच असं नाही, पण विचार करायला पायाखाली जमीन आहे.

विज्ञानाचं म्हणशील, तर तिथे मला फारसं भांडण दिसत नाही. विश्व प्रसरण पावतं हे १९२७ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र हा धर्मगुरूच होता. आणि मंडळीचा थोर आचार्य ऑगस्टीन याने पाचव्या शतकातच बजावून ठेवलं होतं की शास्त्रवचनाच्या नावाखाली निसर्गाविषयी अडाणी विधानं केली तर ऐकणारा पुनरुत्थानावर तरी का विश्वास ठेवील?

दुःखाविषयीचा तुझा प्रश्न याहून फार खोल आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांकडे उत्तरं होती, आणि पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर त्यांच्यावरच रागावतो. ‘माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही,’ असं त्यांना म्हणतो. ईयोब तर देवाशी कडाकडा भांडला होता.

आणि एक शंका नुसती थकव्याची असते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर. तू तीन महिने नीट झोपला नाहीस असं लिहिलं आहेस. मग मध्यरात्री देवाच्या अस्तित्वाचा निकाल लावायला बसू नकोस. झोप येतच नसेल, किंवा ‘मला क्षमा झाली का, झाली का’ असा एकच विचार दिवसभर घोळत असेल, तर डॉक्टरांना भेट. त्यात विश्वासाची कमतरता नाही.

तू विचारलंस, असं असताना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, घेऊ का? ‘अयोग्य प्रकारे खाणारा’ या वचनाची तुला भीती आहे. तो अध्याय सबंध वाच. करिंथात पोट भरलेले आधी खाऊन घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते, त्यावर पौल संतापला आहे. शंका असणाऱ्यांविषयी तिथे चकार शब्द नाही. आणि पहिल्या भोजनाला कोण बसलं होतं? काही तासांत येशूला नाकारणारा पेत्र, आणि पळून जाणारे बाकीचे. तू ये. हात रिकामे असतील तर रिकामेच पुढे कर.

तरुण संघात प्रार्थना चालवतोस म्हणून तू ढोंगी नाहीस. पण जे मनात नाही ते बोलू नकोस. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ ही मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाची प्रार्थना. ती तू जशीच्या तशी म्हणू शकतोस, सर्वांसमोर. येशूने त्या बापाला ‘आधी विश्वास पुरा कर, मग ये’ असं सांगितलं नाही. त्याचा मुलगा बरा केला. थोडे दिवस पुढारीपण दुसऱ्याकडे द्यावंसं वाटलं तर दे, पण मागच्या बाकावर तरी बस. पाळकसाहेबांना सांगायला तूर्त धीर होत नसेल तर राहू दे. विश्वासू असं एक माणूस मात्र हवं, आणि ते फक्त मी असून भागणार नाही, मी लांब आहे.

याकोबाच्या पत्रातलं ‘संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा’ हे वचन तुला कुणी फेकून मारलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. त्याच्या अगदी आधीची ओवी त्यांना दाखव: देव सर्वांना उदारपणे आणि दोष न लावता देतो. आणि नव्या करारातलं यहूदाचं छोटं पत्रही दाखव. जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा, असं तिथे मंडळीला सांगितलं आहे.

दोन गोष्टी कर. मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाच, सोळाच अध्याय आहेत, दीड तास लागेल. टिपणं काढू नकोस, फक्त हा येशू कसा माणूस आहे तेवढं बघ. आणि तुझ्या गाठोड्यातला सगळ्यांत जड प्रश्न एका वाक्यात लिही. आधी ते वाक्य देवाला वाचून दाखव, ऐकणारा कुणी आहे असं वाटलं नाही तरी. मग मला पाठव.

माझ्या भावाविषयीचा माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. मी तो अजून विचारते, बहुतेक पहाटेच. गीत मात्र पुन्हा म्हणू लागले. केव्हापासून ते आठवत नाही.

तुझ्या वाक्याची वाट पाहते. माझ्या उत्तराला उशीर झाला तर समज, मी शोधते आहे.

तुझ्या,
बाई